स्टोरीखालीच आकड्यांचा तक्ता ठेवा

टीमच्या विकीवरच्या (सगळ्यांना बदलता येणाऱ्या वेबपानांवरच्या) स्टोरीत, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदीत, ‘1000 रुपयांच्या वर 10 टक्के सवलत’ एवढंच लिहिलं, की नेमक्या 1000च्या बिलाला सवलत द्यायची का, हा वाद स्वीकृती चाचणीच्या (क्लायंट काम तपासून स्वीकारतो त्या) दिवशी उपटतो. आमचा असा अख्खा दिवस गेलाय.

कोड लिहायच्या आधी:

1. त्याच पानावर तक्ता करा: 999, 1000, 1001 आणि प्रत्येकाची अपेक्षित सवलत.
2. सवलतीचे आकडे क्लायंटकडूनच भरून घ्या. 1000च्या ओळीवर तो थबकतोच!
3. ‘फिटनेस’ (FitNesse) हे तक्त्यांवरून चाचण्या चालवणारं विकी-टूल वापरत असाल तर उत्तराच्या रकान्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह द्या. डेव्हलपरने फिक्स्चर (तक्ता आणि प्रोग्राम यांना जोडणारा छोटा कोड) जोडलं, की ‘टेस्ट’ दाबल्यावर जुळलेला चौकोन हिरवा, चुकलेला लाल.

लाल दिसलं म्हणून तक्त्यातला आकडा परस्पर बदलू नका. आधी क्लायंटला विचारा.