स्क्वॅट करताय? मग या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला डोकवा. बारला दोन्हीकडून २०-२० किलोच्या प्लेटी, मागे मित्र "एक और, एक और" करतायत आणि बारखालचा पोरगा वीतभर वाकून परत वर. याला स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक, म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे वजन उचलण्याच्या स्पर्धेच्या, नियमात खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली तरच लिफ्ट धरतात. तुम्हाला स्पर्धेत उतरायचं नसेल, तरी माप तेच ठेवा. अर्ध्यातून परतलं की वजन भराभर चढतं, कारण अवघड भाग केलेलाच नसतो. जुन्या नाशकातल्या तालमीत बैठका मारणाऱ्या पोराला "किती खाली जाऊ?" असा प्रश्न पडत नाही, तो पार खाली बसतो. मी नवीन पोरांच्या सगळ्या प्लेटी काढायला लावतो. २० किलोचा नुसता बार, मागे गुडघ्यापेक्षा जरा बुटका बॉक्स. त्याला हलकेच टेकायचं आणि उठायचं. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

दुसरी चूक जिवावर बेतणारी: रॅकच्या सेफ्टी पिन, म्हणजे बार खाली आला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या, न लावणं. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा होता, अंगाने दणकट, पण घाई भारी. पिना कोपऱ्यात पडलेल्या, प्लेटी घसरू नयेत म्हणून बारला लावायचे लॉक नाहीत. खाली गेला आणि तिथेच अडकला. मित्राने मागून कवळा घालून उचलायला बघितलं, तसा बार कलंडला. एका बाजूच्या प्लेटी धडाधड खाली, हलकी झालेली बाजू उसळून वर आणि आरशाचा चक्काचूर. पोरगा अवघडलेल्या मानेवर निभावला. दुसऱ्या दिवशी मालकाने पाटी लावली: "आरसा फोडल्यास भरपाई घेतली जाईल." पिनांबद्दल चकार शब्द नाही!

प्लेटी चढवण्याआधी रिकाम्या बारने पूर्ण खाली बसा, बार कुठे येतो ते बघा आणि पिन त्याच्या एक भोक खाली लावा. मग त्या पिनांवर बार मुद्दाम टेकवून खालून बाहेर या. हे जमेपर्यंत मी कुणाला प्लेटीला हात लावू देत नाही.

टाचा उचलल्या जातात? आधी ते गुबगुबीत रनिंगचे बूट काढा. सपाट तळव्याचे घाला.

गुडघे आत पडत असतील तर वजन उतरवा. ते पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवेत. बोटांच्या थोडे पुढे गेले तर जाऊ द्या, त्यावरून उगाच घाबरवणारे बरेच भेटतील.

बार मानेच्या मणक्यावर नको. खांदे मागे ओढले की पाठीवर मांसाची गादी तयार होते, तिथे ठेवा. टॉवेल गुंडाळून चुकीची जागा बरोबर होत नाही.

श्वास खाली जाण्याआधी पोटात भरा, अवघड टप्पा ओलांडेपर्यंत धरा. बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाजूच्या आरशात मान वळवून बघू नका. मोबाईल कमरेच्या उंचीवर, बाजूने लावून शूट करा.

राहिलं वजन वाढवणं. "सर, गणपतीपर्यंत शंभर मारायचेत" म्हणणाऱ्याला मी १.२५ किलोच्या दोन प्लेटी आणायला सांगतो, म्हणजे एका वेळी अडीच किलोच वाढतील. जिममध्ये त्या शोधून सापडत नाहीत, म्हणून स्वतःच्या घ्या, नाव टाका आणि बॅगेत ठेवा.