तेल चोपडूनही पाय फुटतायत? या चुका टाळा

थंडी पडली की माझ्या नडगीवर नख ओढलं तर पाटीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटायची, म्हणून महागडं ऑलिव्ह ऑइल आणलं आणि रोज चोपडलं. दोन आठवडे झाले तरी रेघ तशीच, वर खाज सुटली ती वेगळी. ऑलिव्हमध्ये ओलेइक ॲसिड जास्त असतं आणि ते त्वचेचा बॅरियर, म्हणजे ओलावा आत ठेवणारा वरचा थर, उलट सैल करतं, 2013 मध्ये आलेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातावर हेच दिसलं, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र नुकसान झालं नाही.

त्वचेला हवं असतं लिनोलेइक ॲसिड, म्हणजे तेलातलं ओमेगा-6 गटाचं फॅटी ॲसिड. ते शरीर स्वतः बनवत नाही म्हणून ‘एसेन्शियल’. 1929 मध्ये बर (Burr) या शास्त्रज्ञ दांपत्याने उंदरांना बिनचरबीचं खाणं दिलं तर त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली, तिथून हे कळलं. आपल्या करडईच्या तेलात हे सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं बरं का! पण लेबल बघा, ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं असेल तर ते नको. खोबरेल ओलावा धरून ठेवतं, पण लिनोलेइक त्यात नावालाच.

दुसरी चूक म्हणजे बाटली कुठे ठेवता. आमची बाथरूमच्या खिडकीत, पारदर्शक, दुपारभर ऊन खात. लिनोलेइक जास्त असलेली तेलं हवेने आणि उजेडाने पटकन खराब होतात, जवसाचं तर त्याहून लवकर. झाकण उघडून वास घ्या, जुन्या शेंगदाण्यासारखा खवट आला तर ते फोडणीला नको आणि चेहऱ्यालाही नको. छोटी गडद बाटली घ्या, महिना-दोन महिन्यात संपेल एवढीच.

कोरड्या अंगावर तेल लावणं ही पण चूकच, तेलात पाणी नसतं, ते फक्त आहे तो ओलावा आत अडवतं. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून ओलसर असतानाच लावा, थेंब थोडेच. आणि आधी साबणाने खसाखसा घासून मग तेल लावणं म्हणजे भिंत पाडून रंग देण्यासारखं.

कपाळावर एकसारखे बारीक खाजरे पुरळ आले तर लगेच बंद करा, मलासेझिया नावाची बुरशी तेलातल्या फॅटी ॲसिडवरच पोसते, तिथे स्किनच्या डॉक्टरकडेच जायचं. भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल तरी तेच. बाकीच्यांनी नवीन तेल कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा, लाल झालं तर चेहऱ्यापर्यंत नेऊच नका.