लिक्विड आर्गॉन डिटेक्टरचा प्रोटोटाइप बनवताय? या चुका टाळा

नवीन पोरांचा सगळा जीव वायर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर असतो, आर्गॉनचं काय, टँकर येतो, भरायचं. इथेच घोळ होतो. कण आर्गॉनमधून गेला की इलेक्ट्रॉन सुटतात, हाय व्होल्टेज त्यांना वायरींपर्यंत ओढतं (हाच ड्रिफ्ट), आणि वाटेत ऑक्सिजन किंवा पाणी भेटलं की ते त्यांना गिळतं. विकत मिळणाऱ्या आर्गॉनमध्ये ऑक्सिजन दहा लाखात एखादा भाग असतो, आपल्याला हवा दहा अब्जात एक. तिथवर गाळला तर इलेक्ट्रॉन सरासरी ३ मिलिसेकंद जगतो, हाच त्याचा लाइफटाइम. सर्नच्या प्रोटोड्यून या न्यूट्रिनो डिटेक्टरच्या प्रोटोटाइपमध्ये ड्रिफ्ट ३.६ मीटर, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंदांचा प्रवास, तरी जेमतेम निम्मेच पोचणार. लाइफटाइम अर्ध्या मिलिसेकंदावर आला तर शंभरातला एक पोचतो, मग बसा नॉइज बघत.

आमच्या छोट्या टेस्ट स्टँडवर लाइफटाइम २०० मायक्रोसेकंदाच्या वर जाईचना. आधी सप्लायरला शिव्या दिल्या, मग फिल्टरमधून हायड्रोजन फिरवून तो रिजनरेट, म्हणजे पुन्हा ताजा केला, मग लीक चेक, पुन्हा लीक चेक, तीन आठवडे गेले. शेवटी वही चाळताना दिसलं की आर्गॉनची लेव्हल वर असली की लाइफटाइम सुधारतो. उघडलं तर वरच्या फ्लँजखाली टेम्परेचर सेन्सरच्या साध्या पीव्हीसी केबलचं पाच मीटरचं भेंडोळं, "नंतर लागली तर" म्हणून ठेवलेलं! द्रवात, ८७ केल्विनला, प्लॅस्टिक गोठून गप्प बसतं, पण वरच्या कोमट गॅसमध्ये ते पाणी सोडत राहतं आणि ते पाणी खाली द्रवात उतरतं. केबल कापली, वरचा गॅसही फिल्टरमधून फिरवला, आठवड्यात सुटलो. तेव्हापासून आत जाणारा प्रत्येक स्क्रू मी वहीत लिहितो, पोरं हसतात, हसू देत.

दुसरं म्हणजे ग्राउंड, म्हणजे अर्थिंग. डिटेक्टरचं ग्राउंड बिल्डिंगच्या ग्राउंडपासून वेगळं ठेवायचं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि मग रात्रीच्या शिफ्टवाला रीडआउटला लॅपटॉप लावतो, चार्जरसकट. सकाळी सिग्नलमध्ये मेन्सच्या ५० हर्ट्झ नॉइजचा डोंगर. माझा उपाय एकच, क्रायोस्टॅटजवळ (आर्गॉनच्या थंड टाकीजवळ) बॅटरीवरचा लॅपटॉप, चार्जर लावायचा तर आधी मला फोन.

बाकीचं थोडक्यात. नायट्रोजन आपल्या नेहमीच्या तांबं-मॉलिक्युलर सीव्हच्या फिल्टरने (तांबं ऑक्सिजन धरतं, सीव्ह पाणी) निघत नाही आणि कण गेल्यावर आर्गॉनमध्ये चमकणारा प्रकाश तो खातो, त्यामुळे भरण्याआधीच तपासा. टीपीबीचा (आर्गॉनचा अतिनील प्रकाश दिसणाऱ्या प्रकाशात बदलणाऱ्या रसायनाचा) लेप दिलेल्या प्लेटा ट्यूबलाइटखाली उघड्या टाकू नका. लिक्विड नायट्रोजनमध्ये हाय व्होल्टेज टिकलं म्हणून आर्गॉनमध्ये टिकेलच असं नाही. पर्ज करताना, म्हणजे भरण्याआधी आतली हवा हाकलताना, आर्गॉन गॅस खालून आणि हळू सोडा, जड असतो, हवेला पिस्टनसारखा वर ढकलतो. व्हॅक्यूमशिवाय हे जमतं हे अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेने दाखवलंय, पण घाई करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडलात की सगळं ढवळून निघतं आणि दिवस वाया.

आणि तोच जड आर्गॉन खड्ड्यात साचतो, वास नाही, रंग नाही. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा अलार्म "उगाच वाजतोय" म्हणून बंद करणारा माणूस माझ्या शिफ्टवर दुसऱ्या दिवशी नसतो.