कोड देण्याआधी उतारा बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जमिनीचा व्यवहार निघाला की पहिला प्रश्न असतो, 'उतारा काढलाय का?' मालक कोण, हिस्सेदार किती, बोजा काय, हे दिसल्याशिवाय कुणी इसार देत नाही. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाला कोड पाठवताना प्रकल्प सांभाळणारेही हेच विचारतात, फक्त त्यांचे शब्द डीसीओ (कोडबद्दल स्वतः दिलेली हमी), सीएलए (कोड देण्याचा करार), सॉफ्टवेअर ग्रँट (तयार सॉफ्टवेअरचं दानपत्र) असे असतात. पुल रिक्वेस्टखाली (आपला बदल घ्या, ही विनंती) लाल फुली दिसली की नवखी मुलं कोडमधली चूक शोधत बसतात. कित्येकदा कोड बरोबर असतो, अडलेला असतो तो कागद.

डीसीओ सगळ्यात सोपा. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर 2003 मध्ये कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे सुरू झाले, त्यानंतर 2004 मध्ये तिच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ही पद्धत आली. प्रत्येक कमिटच्या, म्हणजे गिट या साधनात केलेल्या बदलाच्या नोंदीच्या, शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय', नाव आणि ईमेल, एवढी एक ओळ. ती लिहिणं म्हणजे हमी देणं: हा कोड माझा आहे, किंवा योग्य लायसन्सखालच्या कामावर आधारलेला आहे, किंवा हीच हमी देणाऱ्यानं मला दिलेला आहे, आणि ही नोंद कायम जाहीर राहील हे मला मान्य आहे. गिट कमिटला डॅश आणि लहान एस जोडला की ओळ आपोआप येते. कॅपिटल एस दिला तर वेगळीच, जीपीजी किल्लीची डिजिटल सही होते आणि डीसीओची तपासणी लालच राहते.

कॉलेजच्या लॅबमध्ये हमखास होणारा घोळ म्हणजे त्या मशीनवर आधीच्या बॅचच्या कुणाचं तरी नाव गिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये बसलेलं असतं. तुम्ही लिहिता आणि कमिट पडतो त्याच्या नावावर. म्हणून क्लोन केल्याबरोबर (प्रकल्पाची प्रत उतरवल्याबरोबर) त्या रिपॉझिटरीपुरतं, ग्लोबल न लावता, स्वतःचं नाव आणि ईमेल घाला. चूक झालीच असेल आणि कमिट शेवटचाच असेल, तर अमेंडला (शेवटचा कमिट दुरुस्त करणारा पर्याय) रिसेट-ऑथर आणि लहान एस जोडा. मागचे चार-पाच कमिट बिघडले असतील तर रीबेसचा (मागचे कमिट पुन्हा मांडणारी आज्ञा) साइनऑफ पर्याय पुरत नाही. तो सहीची ओळ लावतो, लेखक बदलत नाही. रीबेसला एक्झेक हा पर्याय देऊन तोच अमेंड प्रत्येक कमिटवर चालवावा लागतो. ते सगळे कमिट तुमचेच आहेत याची खात्री मात्र आधी करा. नंतर पुश करताना (कमिट सर्व्हरवर चढवताना) फोर्स-विथ-लीज वापरा. नुसत्या फोर्सनं, मधल्या वेळेत भिडूनं काही चढवलं असेल तर तेही पुसलं जातं.

सीएलए हा करार असतो. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या वैयक्तिक सीएलएमध्ये मालकी तुमच्याकडेच राहते, तुम्ही फक्त वापराचा आणि पेटंटचा परवाना देता. काही जीएनयू प्रकल्प, उदाहरणार्थ ईमॅक्स, मालकीच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावावर करून मागतात. जीसीसीनं 2021 पासून डीसीओही चालवून घेतला आहे. सही करण्याआधी एक कलम नीट वाचा: पुढे लायसन्स बदलण्याचा अधिकार कुणाला? टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं लायसन्स ऑगस्ट 2023 मध्ये एमपीएल या खुल्या लायसन्सवरून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर गेलं ते अशाच अधिकारावर, आणि त्यातून ओपनटोफू हा प्रकल्प वेगळा निघाला. सगळ्यांचा कोड आपापल्या नावावर राहिला आणि असा अधिकार कुणालाच दिला नसेल, तर लायसन्स बदलायला सहसा प्रत्येकाची संमती लागते. सामायिक जमीन विकायची तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, तसंच. या कामाला बाँड पेपर, नोटरी काही लागत नाही. कोर्टाच्या आवारात पैसे घालवू नका. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्यांनी वय मात्र बघावं. 18 पूर्ण नसेल तर 1872 च्या करार कायद्यानं तुमचा करार टिकत नाही. प्रकल्पाला आधी कळवा आणि पालकांची सही चालेल का ते विचारा.

आता खरा गुंता: कोड तुमचा आहे का? भारतीय कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा, वेगळं ठरलं नसेल तर. इंटर्नशिप यात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून ऑफर लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. उलट बाजू फारशी कुणाला माहीत नसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपला तुम्ही ठेक्यानं स्टॉकचं सॉफ्टवेअर करून दिलंत आणि लेखी काही झालं नाही, तर पहिले मालक तुम्ही. 'पैसे मोजलेत म्हणजे कोड माझा' हे वर्कशॉपवाल्याचं म्हणणं कायद्यात बसत नाही. तरी न सांगता तो कोड जगजाहीर करणं शहाणपणाचं नाही, गावात रोज तोंड दाखवायचं असतं. आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांचा असेल तर सह्याही चौघांच्या, शिवाय कॉलेजचं धोरण काय म्हणतं ते बघायचं.

समजा तेच स्टॉकचं सॉफ्टवेअर एखाद्या ओपन सोर्स संस्थेला पुरतं दान करायचं ठरलं, म्हणजेच सॉफ्टवेअर ग्रँट. आधी गिट शॉर्टलॉगनं लेखकांची यादी काढा आणि एकेकाचा लेखी होकार घ्या. मग इतिहास चाळा. डेटाबेसचा पासवर्ड, गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर आजच्या फाइलमधून काढले तरी जुन्या कमिटमध्ये तसेच असतात. गिट फिल्टर-रेपोनं साफ करा आणि पासवर्ड बदलाच. आपल्याकडे बिल मराठी-कन्नड दोन्ही छापतात, त्यामुळे फोल्डरमध्ये विकतचे जुने फॉन्ट पडलेले असतात. ते काढून नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड घाला, दोन्ही ओएफएल या खुल्या फॉन्ट-लायसन्सखाली आहेत. लायब्ररींचंही (दुसऱ्यांचा तयार कोड) तेच. केवळ जीपीएल 2 लायसन्सवर असलेली लायब्ररी अपाचे 2.0 लायसन्सच्या प्रकल्पात मिसळून वाटता येत नाही. ओरॅकलनं जून 2011 मध्ये ओपनऑफिस अपाचेला दिलं, पण अपाचेची पहिली आवृत्ती मे 2012 मध्ये आली. मधल्या काळात न चालणाऱ्या लायसन्सचे भाग काढण्या-बदलण्याचं बरंच काम झालं.

दानपत्रात दोन गोष्टी सुटतात आणि महागात पडतात. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कॉपीराइटची पूर्ण मुदत आणि संपूर्ण जग, असं स्पष्ट लिहा. सही भागीदाराची किंवा संचालकाची हवी, हिशेबनिसाची नको.

नेटवरून उचललेला तुकडा स्टॅक ओव्हरफ्लोचा असेल तर तो सीसी बाय-एसएखाली (लेखकाचं नाव द्या आणि पुढे हेच लायसन्स ठेवा, अशी अट) असतो, एमआयटी लायसन्सच्या प्रकल्पात तसाच चिकटवू नका. एआयनं लिहिलेला कोड जेंटू, क्यूईएमयू या प्रकल्पांनी नाकारायचं ठरवलं आहे, म्हणून प्रकल्पाचं कॉन्ट्रिब्यूटिंग पान (कोड पाठवण्याचे नियम) आधी उघडा.

सीएलए सही करताना कॉलेजचा ईमेल देऊ नका. पास झाल्यावर तो बंद पडला की पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून जुने कमिट तुमचेच आहेत हे पटवत बसावं लागतं. दिला असेलच तर खातं चालू आहे तोवर गिटहबवर दुसरा ईमेल जोडा आणि मेलमॅप फाइलमध्ये दोन्ही पत्ते एका नावावर आणण्याचा बदल पाठवा. नोकरी लागली की कंपनीचा कॉर्पोरेट सीएलए (कंपनीनं आपल्या नोकरांच्या वतीनं केलेला करार) आहे का आणि त्या यादीत तुमचं नाव घातलंय का, ते पहिल्या पुल रिक्वेस्टआधी एचआरला नाही, कायदा विभागाला विचारा.