विमान उडवायचंय की पायलट व्हायचंय? पैसे भरायच्या आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, दादा तू विमान उडवतोस ना, मग पायलट व्हायला किती खर्च येतो ते सांग. मी उलट विचारतो, उडवायचंय की पायलट व्हायचंय? समोरचा हसतो, म्हणतो एकच की ते. इथेच गाडी घसरते. मी हौशी, पीपीएलवाला (प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे स्वतःपुरतं उडवायचं), सोमवार ते शुक्रवार पुण्यात ऑफिसात बसून कीबोर्ड बडवणारा. माझा मावसभाऊ एअरलाइनमध्ये एअरबस 320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. शिकलो दोघंही सेसना 172 या छोट्या विमानावरच, पण आज त्याचा दिवस आणि माझा रविवार यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

"मेडिकल काय, नंतर बघू"

ही सगळ्यात महागडी चूक. नोकरी करायची असेल तर सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) लागतं आणि सीपीएलला क्लास वन मेडिकल लागतं. आधी डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. हौसेच्या पीपीएलला क्लास टूवर भागतं, त्यामुळे लोकांना वाटतं क्लास टू झालं म्हणजे मेडिकल झालं. आमच्या ओळखीतल्या एकांनी प्लॉट विकून मुलाची फी भरली, हॉस्टेलचं डिपॉझिट भरलं, युनिफॉर्म शिवला, गावात पेढे वाटले, आणि क्लास वनला पोरगं कलर व्हिजनमध्ये अडकलं. फी परत मिळाली नाही, फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं म्हणे. मेडिकलला लागले असते काही हजार आणि थोडा धीर. आणि हो, चष्मा असला म्हणजे संपलं हा जुना गैरसमज आहे, चष्मा लावून नीट दिसत असेल तर सहसा अडत नाही.

फीच्या आकड्याला एकूण खर्च समजणं

पीपीएलला किमान 40 तास, सीपीएलला 200 तास. हे "किमान" लोक वाचतच नाहीत. 40 तासात पीपीएल झालेला माणूस मी अजून पाहिला नाही, मला स्वतःला 58 लागले. सीपीएलचं बजेट आज 50 लाखांच्या आसपास किंवा वरच धरा, आणि ते झालं तरी एअरलाइन लगेच सीट देत नाही, एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग (त्या ठराविक विमानाचं ट्रेनिंग) वेगळं, त्याचे 15-20 लाख वेगळे, मग एअरलाइनची परीक्षा, इंटरव्ह्यू, आणि तोवर लोनचा हप्ता चालू. मावसभाऊ सीपीएल हातात घेऊन दीड वर्ष घरी बसला होता, मावशी शेजाऱ्यांना "कॉल येईल आता" सांगून सांगून दमली. हा मधला काळ कोणत्याच माहितीपत्रकात नसतो, तो तुमच्या बजेटमध्ये तुम्हीच टाकायचा.

पेपरचंही तसंच. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळ्याला पासिंग 70 टक्के. पेपर बाकी ठेवून फ्लाइंगला जाऊ नका, दिवसभर हँगरमध्ये उन्हात वाट बघून संध्याकाळी कोण नेव्हिगेशनची गणितं सोडवतो? कोणी नाही.

जूनमध्ये अॅडमिशन घेणं हीसुद्धा एक गंमतच. बारामती असो, धुळे असो नाहीतर गोंदिया, पावसाळ्यात ढग खाली उतरले की विद्यार्थ्यांच्या सॉर्टी (उड्डाणाच्या फेऱ्या) रद्द होतात, तुम्ही कॅन्टीनला चहा पीत बसता आणि हॉस्टेलचं भाडं मात्र चालू राहतं. ते महिने ग्राउंड क्लासला द्या आणि ऑक्टोबरला रनवेवर जा.

हौशी मंडळींची खास चूक: महिन्यातून एकदा

ही मी केलेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पैसे आले की एक सॉर्टी, मग ऑफिसचं रिलीज, मग कोणाचं तरी लग्न, मग पुढची सॉर्टी. प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटं मागचं आठवण्यात जातात आणि मीटर इंजिन चालू झाल्यापासून पळत असतो, जमिनीवर टॅक्सी करत रनवेकडे जाताना, रनवेच्या तोंडाशी होल्डिंग पॉइंटला उभे असतानाही, आणि तासाचा रेट पाच आकडी. एकदा पावसाळ्यानंतर अडीच महिन्यांनी गेलो. सर्किट (रनवेभोवतीची फेरी) बरं झालं, फायनलला म्हणजे रनवेसमोर उतरताना स्पीडही बरा होता, म्हटलं जमतंय की, आणि रनवे जवळ आल्यावर घाबरून फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) फारच वर केला. विमान तरंगलं, स्पीड संपला, मग जे खाली आदळलं ते उडून परत आदळलं. शेजारी बसलेले सर एक शब्द बोलले नाहीत. पार्क केल्यावर फक्त म्हणाले, "जा, टायर बघून ये." त्या दिवसानंतर मी ठरवलं की पैसे साठवायचे आणि मग सलग तीन आठवडे सुट्टी काढून उडायचं, आठवड्यातून तीन-चार सॉर्टी. त्या तीन आठवड्यात जेवढं शिकलो तेवढं आधीच्या वर्षात शिकलो नव्हतो. लायसन्स मिळाल्यावरही हेच आहे, अलीकडच्या काळात पुरेसे टेकऑफ-लँडिंग नसतील तर पॅसेंजर बसवता येत नाही, आणि ते नियमात नसतं तरी मी बसवला नसता.

दुसरी गोष्ट, पीपीएलवर पैसे कमवता येत नाहीत. मित्राला फिरवून आणतो, तो दहा हजार देईल, असलं डोक्यातसुद्धा आणू नका. आणि सकाळी उठलो, किल्ली घेतली, उडालो असं आपल्याकडे होत नाही, फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी), एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राकडून), मग हवामान, मग विमान मोकळं आहे का ते. नुसतं हवेत जायची तहान असेल तर कामशेतला पॅराग्लायडिंग करून बघा आधी. मी हे चेष्टेने म्हणत नाही, माझ्या दोन मित्रांची तहान तिथेच भागली आणि त्यांचे लाखो रुपये वाचले.

"माझं पॅशन आहे" म्हणून नोकरी

मुलाखतीत बोलायला ठीक आहे. प्रत्यक्षात मावसभावाचा रिपोर्टिंग टाइम पहाटे सव्वातीन असतो, म्हणजे अलार्म दीडचा, मग ब्रेथ अॅनालायझर, त्यात आकडा शून्यच यायला लागतो, मग पेपरवर्क, मग एकामागून एक उड्डाणं. दिवाळी कुठे करायची ते रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक ठरवतं. वर्षाला 1000 तासांची कायद्याची मर्यादा आहे, आणि त्या तासातलं हाताने उडवणं बहुतेक वेळा टेकऑफनंतरची आणि लँडिंगआधीची काही मिनिटं, बाकी ऑटोपायलट, चेकलिस्ट, रेडिओ आणि लक्ष. तो तक्रार करत नाही, त्याला ते काम म्हणून आवडतं, शिस्त आवडते. पण ज्याला फक्त उडायची मजा हवी आहे त्याचा दोन वर्षात विरस होतो. जेआरडी टाटांचं उदाहरण सगळे देतात, 1929 ला लायसन्स, 1932 ला कराचीहून टपाल घेऊन स्वतः जुहूला उतरले. हो, पण एअरलाइन त्यांचीच होती, रोस्टर कोण लावणार!

तासांची घाई

"पार्कर पेन टाइम" म्हणजे न उडता पेनाने लॉगबुकात (उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत) लिहिलेले तास, हा शब्द फ्लाइंग क्लबमध्ये विनोद म्हणून ऐकाल. विनोद नाहीये. 2011 मध्ये बनावट मार्कशीटवर लायसन्स घेतल्याची प्रकरणं देशात गाजली, पायलटांना अटकही झाली. कोणी शॉर्टकट सुचवला तर तिथून बॅग उचला.

अजून एक छोटीशी सवय, हौशी आणि नोकरीवाले दोघांनाही. उडायच्या आधी टाकीच्या तळातून थोडं इंधन सॅम्पलरमध्ये काढून उजेडात धरायचं. अॅवगॅस (छोट्या विमानांचं इंधन) निळसर असतं, पाणी असेल तर तळाला बिनरंगी थेंब वेगळा दिसतो. मुलं घाईत काढतात आणि न बघताच फेकतात. मावसभाऊ गेल्या डिसेंबरात सुट्टीला आला होता, म्हटलं चल, इन्स्ट्रक्टर सरांसोबत एक सर्किट मार. पठ्ठ्याने सॅम्पलर इतका वेळ बघितला की सर म्हणाले, पिणार आहेस का. मग लँडिंगला, रोज एअरबसच्या उंच कॉकपिटमधून रनवे बघायची सवय, त्याने सेसनाचा फ्लेअर इतक्या वर केला की सरांना पॉवर देऊन सावरावं लागलं. खाली उतरल्यावर मी काही बोललो नाही, फक्त टायर बघून यायला सांगितलं.