ऑडिओ सीडी बनवताना फाइल कशा घ्यायच्या आणि प्रोजेक्ट कसा सेव्ह करायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ती म्हणजे प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे गाणी सेव्ह झाली असं नाही. सीडी बर्न करायच्या, म्हणजे सीडीवर लिहायच्या, बहुतेक सॉफ्टवेअरमधे प्रोजेक्टच्या फाइलमधे फक्त यादी असते, कुठलं गाणं कितव्या नंबरला, मधे किती सेकंद गॅप आणि ती फाइल कुठल्या फोल्डरमधे आहे एवढंच. मी बाबांच्या आवाजातल्या जुन्या रेकॉर्डिंगची सीडी करत होतो, सगळ्या फाइल थेट पेनड्राइव्हवरून ओढून घेतल्या, तासभर बसून क्रम लावला, सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर एकही फाइल सापडेना, कारण काल पेनड्राइव्ह ई ड्राइव्ह म्हणून दिसत होता आणि आज एफ. फाइल होत्या तिथेच होत्या, पण सगळं परत जोडावं लागलं.

म्हणून आधी हार्डडिस्कवर एक नवीन फोल्डर करा, लागतील त्या सगळ्या फाइल त्यात कॉपी करा, नावापुढे ०१, ०२ असे नंबर टाका आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. प्रोजेक्टही त्याच फोल्डरमधे सेव्ह करा. एकदा सेव्ह केल्यावर फाइलचं नाव बदलू नका आणि फोल्डर हलवू नका.

आता इम्पोर्ट. नवीन प्रोजेक्ट घेताना ऑडिओ सीडी निवडा, डेटा सीडी नाही, नाहीतर एमपीथ्री तशाच्या तशा कॉपी होतात आणि साध्या जुन्या सीडी प्लेअरवर त्या वाजत नाहीत. मग फाइल ओढून टाका किंवा अ‍ॅडचं बटण दाबा. वेव्ह आणि एमपीथ्री जवळपास सगळीकडे चालतात, बाकीचा एखादा फॉरमॅट नाही घेतला तर आधी वेव्हमधे कन्व्हर्ट करून घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, कारण ऑडिओ सीडीवर शेवटी तेच जातं.

इथे बरेच जण एमबी बघत बसतात, ते बघू नका, मिनिटं बघा! ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटंच बसतात, मग फाइल कितीही छोटी असो. १२८ केबीपीएसच्या १०० एमबी एमपीथ्री म्हणजे शंभर मिनिटांच्या वर गाणी होतात, ती एका सीडीवर मावणारच नाहीत. ट्रॅकही ९९ च्या वर जात नाहीत, पण तिथवर सहसा कोणी पोचत नाही.

मैफिलीचं सलग रेकॉर्डिंग असेल तर दुसऱ्या ट्रॅकपासून पुढचा २ सेकंदांचा गॅप शून्य करा आणि बर्न करताना डिस्क अ‍ॅट वन्स (म्हणजे अख्खी सीडी न थांबता एका दमात लिहिणं) ठेवा, नाहीतर तान चालू असताना मधेच शांतता येते आणि ते ऐकताना फार खटकतं.

बर्न करायच्या आधी परत एकदा सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करून प्रोजेक्ट पुन्हा उघडा आणि प्रत्येक ट्रॅक दोन-चार सेकंद वाजवून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बर्न करायचं असेल तर नुसती प्रोजेक्टची फाइल नेऊ नका, अख्खा फोल्डर न्या, आणि तिथे तेच सॉफ्टवेअर आहे ना ते आधी विचारून घ्या, एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही.