जुनी इंजेक्शनवाली गाडी सकाळी उठत नसेल तर

माझी मोटरसायकल २०१२ सालची, इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी. अडीचशे सीसी, एक सिलिंडर, रेडिएटरवाली. मी तिचा तिसरा मालक. राहायला वाईत, नोकरी पाचगणीला शाळेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट. गेल्या डिसेंबरात ही बया सकाळी उठेनाशी झाली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. सहाव्या-सातव्या वेळी एकदाची सुरू व्हायची आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी शाळेबाहेर बोट लावलं की चालू.

एका गॅरेजवाल्यानं ऐकलं न ऐकलं आणि सांगून टाकलं, “पंप गेला. सात हजार.” सात हजार फार होते, म्हणून मी रविवार घालवले. एक नाही, दोन. त्यातला पहिला पूर्ण वाया गेला, तोही सांगतो.

आधी हाताची सवय मोडा. आपण कार्बोरेटरवर (इंजेक्शनच्या आधी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) शिकलेली माणसं, गाडी पेटली नाही की उजवा हात आपोआप रेस पिळतो. इंजेक्शनच्या गाडीत थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि रेस किती उघडली आहे हा त्याच्या हिशेबातला एक आकडा असतो. बऱ्याच गाड्यांत रेस पूर्ण उघडून सेल्फ मारला तर ‘पेट्रोल ओव्हर झालंय’, म्हणजे इंजिनात जास्त पडलंय, असं समजून तो इंजेक्टर बंदच ठेवतो. खरंच ओव्हर झालं असेल तेव्हा ही युक्ती कामाची. एरवी हात सोडा आणि नुसता सेल्फ मारा. एका वेळी पाच सेकंद, मग दहा-पंधरा सेकंद थांबा. सलग दाबून धरलात तर मोटर तापते आणि बॅटरी बसते.

आता चावी ऑन करा आणि गप्प उभे राहा. सीटखालून, टाकीतून दोनेक सेकंद ‘झूं’ असा आवाज आला पाहिजे. तो पंप. लाइनमध्ये साधारण अडीच ते तीन बार दाब भरून तो थांबतो. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो. दिवा लागलाच नाही तर ईसीयूपर्यंत करंट पोचत नाहीये, फ्यूज आणि रिले बघा. लागून विझला नाही किंवा लुकलुकायला लागला तर तो बिघाडाचा कोड आहे, लुकलुक मोजा आणि आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. आवाजच नसेल तर पंपाला शिव्या घालण्याआधी हँडलवरचा इंजिन बंद करणारा लाल किल स्विच बघा. हसू नका, मी एकदा वीस मिनिटं सीट उघडून बसलो होतो आणि स्विच माझ्या मुलीनं दाबून ठेवलेला होता. गाडी आडवी पडली असेल तरी काही गाड्यांत पंप बंद राहतो. चावी बंद करून पुन्हा ऑन केली की शुद्धीवर येते.

पुढची चाचणी फुकटातली आणि माझ्या मते सगळ्यात गुणाची. सकाळी चावी ऑन करा, पंप थांबू द्या, ऑफ करा, पुन्हा ऑन. असं तीनदा. मग सेल्फ मारा. एरवी सहाव्या वेळी पेटणारी गाडी आता पहिल्या-दुसऱ्या वेळी पेटली, तर दुखणं दाबाच्या बाजूला आहे. रात्रभरात दाब उतरतो, किंवा सेल्फ फिरताना पंपाला पुरेसा करंट मिळत नाही. माझी दुसऱ्या वेळी पेटली. इथंच मी वोल्टमीटर हातात घ्यायला हवा होता.

पण प्रयोगशाळेतल्या माणसाला खाज. मी मनाशी घेतलं की तापमानाचा सेन्सर गेलाय, कारण तो खोटं बोलला तरी लक्षण असंच दिसतं. इंजिन गरम आहे असं त्यानं चुकीचं सांगितलं तर ईसीयू थंड इंजिनाला कमी पेट्रोल देतो. पहिला रविवार त्यात गेला. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढला, दोऱ्यानं बांधून चहाच्या पातेल्यातल्या पाण्यात फक्त पितळी टोक बुडेल असा टांगला, शेजारी शाळेतला थर्मामीटर, पिनांना मल्टिमीटरच्या चिमट्या. तेवीस अंशांना २२०० ओहम. गॅस बारीक ठेवला. चाळीसला हजाराच्या जरा वर, साठला पाचशे ऐंशी, ऐंशीला तीनशे वीस. पाणी तापेल तसा आकडा एकसारखा खाली उतरत गेला, कुठेही उडी नाही. म्हणजे सेन्सर ठणठणीत. बायको म्हणाली, “झालं? आता त्या पातेल्यात चहा करणार नाही मी.” तरी ही चाचणी शिकून ठेवा. मध्येच आकडा अडकला किंवा एकदम उडाला तर सेन्सर बदला. त्याला पंपाइतका खर्च येत नाही.

दुसऱ्या रविवारी पहाटे, इंजिन गार असतानाच, मीटर वीस वोल्ट डीसीवर लावून बसलो. बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६, म्हणजे भरलेली. १२.३ च्या खाली असती तर आधी चार्जिंग, बाकी सगळं नंतर. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर १०.८. हेही बरं. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली समजा. इंजिन फिरल्यासारखं वाटतं, पण तेवढ्या वोल्टवर ईसीयूला झापड येते. अशा गाडीला धक्का मारूनही उपयोग होत नाही. कार्बोरेटरची गाडी मेलेल्या बॅटरीवर उतारानं पेटायची, कारण तिला पंप नव्हता.

मग पंपाच्या प्लगवर मोजलं. सेल्फ फिरताना ९.१. बॅटरीवर १०.८ आणि पंपावर ९.१, मधले दीड-पावणेदोन वोल्ट कोणी खाल्ले? मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारला. चांगल्या अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून गाडीच्या धातूपर्यंतच्या जोडणीला, इथं ०.२ च्या आसपास दिसावं. माझ्या मीटरनं १.४ दाखवलं.

बॅटरीची जाड काळी वायर सीटखाली एका बोल्टला आवळलेली आहे, हार्नेसचं (गाडीच्या बाकी वायरींच्या जुडग्याचं) अर्थिंगही त्याच बोल्टवर. बोल्ट दिसायला घट्ट होता. काढला तर वायसरखाली हिरवट-पांढरी भुकटी, बारा पावसाळ्यांची. सेल्फ फिरताना सगळा जड करंट त्या भुकटीतून जायचा. पहाटे ऑइल घट्ट, मोटरला जास्त करंट, म्हणून वोल्टचा खड्डाही मोठा. दुपारी इंजिन कोमट असलं की सेल्फला कमी लागायचं आणि गाडी शहाण्यासारखी वागायची. नुसती चावी ऑन केल्यावर सेल्फ फिरत नसतो, म्हणून तेव्हा पंपाला पूर्ण वोल्ट मिळायचे आणि तीनदा चावीची युक्ती चालायची. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवलं, पॉलिश पेपरनं तांबं चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजलं: ०.१५. पॉलिश पेपर दहा रुपयांचा, व्हॅसलीन घरचं.

२००६ ची ग्लॅमर एफआय, २००७ ची पल्सर २२०, २००८ ची आर-१५, आपल्याकडच्या या सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्या गाड्या आता वीस वर्षांच्या घरात आल्या आहेत. मला विचाराल तर त्यांच्यातले कॉम्प्युटर अजून तरणे आहेत, म्हातारी झालीत ती वायरींची टोकं. म्हणून सात हजारांच्या आधी हा बोल्ट.

तुमचं अर्थिंग चांगलं निघालं तर इंजिनातला स्पार्क प्लग काढा, लगेच, फसलेल्या सेल्फनंतर. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही. कोरडा म्हणजे पेट्रोल येतच नाही. ठिणगी बघताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकलेलाच हवा, कॉइल मोकळी ठेवून सेल्फ मारू नका, ईसीयूला झटका बसू शकतो. आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तेव्हा ठिणगी त्या भोकापासून लांब.

कोरडा असेल आणि वोल्टही पूर्ण असतील, तर दाब मोजणारा गेज लावून घ्या. चावी बंद केल्यावर काटा झरझर खाली आला तर पंपातला व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय. पेट्रोलचा पाइप काढण्याआधी पंपाच्या वायरीचा प्लग उपसून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर दाबाखालचं पेट्रोल थेट डोळ्यात. मोकळ्या हवेत करा, देवघरातला दिवाही शेजारी नको. गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर मुरतं.

गार असताना ठीक आणि तापल्यावर उठत नाही, असं उलटं असेल तर टप्पेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. लोक वाजणाऱ्या टप्पेटला घाबरतात. मी मुक्याला घाबरतो. व्हॉल्व्ह झिजून आत बसला की फट संपते, तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. बाहेरून इंजिन मात्र शिवणयंत्रासारखं गोड चालतं. फट इंजिन थंड असतानाच मोजायची, आकडा मॅन्युअलमधला.

माझ्या बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मुलीनं नेलपेंटची एक आडवी रेघ ओढून दिली आहे. बोल्ट हलला तर रेघ तुटेल. दर जूनच्या आधी सीट काढून बघतो.